मॉनिटरवरचं धुकं

“...आणि वही संपल्यावर?” जालिंदरनं विचारलं.

केवलनाथबाबांनी हाताखालची वही बोटभर सरकवली. समोरच्या मॉनिटरवर तळहाताएवढं एक अक्षर सरकत आलं आणि मधोमध थांबलं.

“संपल्यावर काय?” त्यांनी मग विचारलं.

“म्हंजे... गादीचं, बाबा.”

“वही संपू दे.”

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी जालिंदरची गत झाली होती. गेल्या महिन्याभरात हा प्रश्न त्यानं चार वेळा विचारला होता, आणि चारही वेळा हेच उत्तर मिळालं होतं.

बालाघाटच्या डोंगरात, सावरदरा गावाच्या वर, हा नाथपंथी मठ आहे. मोठा नाही. एक धुनी, एक ओसरी, दोन खोल्या, अंगणात त्रिशूळ. राहणारे दोघंच: केवलनाथबाबा आणि त्यांचा शिष्य जालिंदर. बाबांचं वय ऐंशीच्या पुढं. जालिंदर पंचेचाळिशीचा. मठात येऊन त्याला चौदा वर्षं झाली होती.

या मठाची एक रीत आहे. गादी सोडायची वेळ आली की बाबानं आपल्या गुरूच्या हातची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. स्वतःच्या डोळ्यांनी. दुसऱ्यानं वाचून दाखवलेली चालत नाही. वाचून झाली की मगच पुढच्या माणसाचं नाव सांगायचं. मर्जी झाली तर शिष्याचं, नाही तर मोठ्या मठातून कुणाला तरी बोलवायचं. ही रीत कुणी घातली आणि कशासाठी घातली, ते कुणाला माहीत नाही.

केवलनाथांनी वही उघडायला जरा उशीरच केला. तोवर डोळे अधू झाले होते. शहरातल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की डोळ्यातला पडदा झिजलाय, याला औषध नाही.

“आधी मधोमध धुकं येईल,” डॉक्टर म्हणाला. “मग वाचणं बंद.”

कधी येईल, ते त्यालाही सांगता येईना.

मग खालच्या गावातले ढाकणे गुरुजी आपल्या घरचा मॉनिटर घेऊन वर आले. त्यांनी दांडीला कॅमेरा अडकवला, त्याच्याखाली वही ठेवली आणि समोर मॉनिटर मांडला. अक्षर हवं तेवढं मोठं दिसायला लागलं. बाबा रोज सकाळी एक पान वाचत आणि जालिंदर शेजारी बसून राही.

आता अकरा पानं उरली होती.

“बाबा, रोज एकच पान का वो?” जालिंदर म्हणाला. “दोन वाचा की.”

“नीट दिसत नाही. काच मळलीय.”

मळली होती खरी. धुनी शेजारीच, तिचा धूर त्या खोलीत रेंगाळायचा आणि मॉनिटरवर बसायचा. त्यात बाबांना अक्षराखाली बोट ठेवून वाचायची सवय. मधोमध बोटांचे चिकट डाग पडले होते.

“एवढंच ना? मी पुसतो.”

“गुरुजींनी सांगितलंय तसं पूस.”

“व्हय व्हय.”

गुरुजींनी सांगितलं होतं. मॉनिटर बसवला त्या दिवशी त्यांनी चांगलं अर्धा तास समजावलं होतं, वर एक मऊ फडकाही दिला होता. जालिंदरनं मान डोलावली होती आणि ऐकलं काहीच नव्हतं. फडका त्यानं दाराच्या बिजागरीला तेल लावायला घेतला.

जालिंदर वाईट माणूस नव्हता. कष्टाळू होता, आणि आपण कष्टाळू आहोत हे त्याला पाठ होतं. मठाची घंटा, समया, ताम्हण, गडवे, सगळं तो धुनीच्या राखेनं आणि लिंबानं घासायचा. येणारे भक्त घंटेत तोंड बघून टोपी सारखी करायचे. त्या वेळी जालिंदर नेमका तिथं उभा असायचा.

अशा माणसाला एक शाळामास्तर पुसायला शिकवणार? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, त्यातलाच हा.

दुपारी बाबा आडवे झाले. जालिंदरनं धुनीतली राख काढली, वस्त्रगाळ केली आणि तिच्यात लिंबू पिळलं. त्याची आई कंदिलाची काच राखेनंच पुसायची. काच ती काच, कंदिलाची काय आणि टीव्हीची काय. मॉनिटरला तो टीव्हीच म्हणायचा.

मॉनिटर चालू होता. तो बंद करावा हे त्याच्या मनातही आलं नाही. उजेडात डाग बरे दिसतील, असाच त्यानं विचार केला.

भगव्या छाटीच्या तुकड्यानं त्यानं घासायला सुरुवात केली. मधोमध डाग जास्त होते, म्हणून मधोमध जोरही जास्त लावला. बोटाखाली रंग हलायचे, लाटा उठायच्या. त्याला वाटलं, मळ सुटतोय.

मग ओल्या फडक्यानं राख टिपून घेतली आणि तो मागं सरून बघू लागला.

मधोमध भाकरीएवढा पांढुरका डाग होता.

त्यानं पुन्हा घासलं. डाग आणखी पांढरा झाला. कोरड्यानं घासलं, ओल्यानं घासलं, शेवटी तळहातानं घासलं. कडेला लख्ख होतं. मधोमध मात्र चुन्याचा हात फिरवावा तसं दिसत होतं, आणि त्याच्या आडचं काही धड कळत नव्हतं.

बाहेर बाबांच्या खडावा वाजल्या. जालिंदरची पाचावर धारण बसली. त्यानं मॉनिटरवर उपरणं टाकलं आणि लिंबाची सालं कनवटीला लपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा येऊन बसले.

“आदेश,” जालिंदर म्हणाला. नाथांचा नमस्कार तो.

“आदेश.”

बाबांनी वही उघडून कॅमेऱ्याखाली धरली आणि मॉनिटरकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान थोडी डावीकडं वळवली, थोडी उजवीकडं वळवली आणि पुन्हा सरळ केली.

“जालिंदर.”

“जी, बाबा.”

“मधोमध धुकं आलंय.”

बोलायचं होतं ते याच वेळी. एक वाक्य पुरलं असतं. जालिंदरनं तोंड उघडलंही होतं. पण गादी हातातोंडाशी आली होती, आणि चौदा वर्षांचा लौकिक होता. तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

“डाक्टर म्हणलेच होते, बाबा. मधीच येईल म्हणले होते. डोळ्याचं काय सांगता येत नाय.”

“हो,” बाबा म्हणाले. “म्हणाले होते.”

त्यांनी वही मिटली आणि उठून ते धुनीपाशी जाऊन बसले.

जालिंदरला आधी सुटल्यासारखं वाटलं. ते सुख संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

बाबांचे डोळे गेले ही बातमी खाली गावात पोचली. माणसं वर यायला लागली. नारळ ठेवायची, हळहळायची.

“नजर गेली म्हणं, बाबा?”

“जालिंदर सांगतो तसं,” बाबा म्हणायचे.

मग माणसं जालिंदरकडं वळायची. “तुमी हाये म्हणून बरंय, बुवा. नायतर म्हाताऱ्याचं कसं झालं असतं?” अशा बोलण्यावर एरवी जालिंदर दोन दिवस फुगून राहिला असता. आता तो उठून आत जाऊ लागला.

चोराच्या मनात चांदणं. एका बाईनं पोरासाठी अंगारा मागितला. बाबा म्हणाले, “जालिंदर, चिमूटभर राख दे तिला.” राख देताना जालिंदरनं निम्मी खाली सांडली.

त्यात बाबांनी एक विचित्र गोष्ट चालू ठेवली. रोज सकाळी ते नेमानं मॉनिटरपुढं येऊन बसत. जालिंदरला तो चालू करायला सांगत. वही उघडीच असे, पण पान उलटत नसत. शेजारी जालिंदर.

“दिसतंय का काही, बाबा?”

“बघतोय.”

कधी ते मॉनिटरकडं बघत, कधी जालिंदरकडं. तास-दीड तास असाच जाई. मग ते उठून जात आणि जालिंदर मॉनिटरवर उपरणं टाके.

दुसऱ्याच दिवशी जालिंदरच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. वही चार बोटं बाजूला सरकवली की अक्षर मॉनिटरच्या कडेला येई, आणि कडेला काच स्वच्छ होती. बाबांना तिथं वाचता आलं असतं. पण “वही सरकवा” म्हणायचं म्हणजे का सरकवायची तेही सांगणं आलं. बाबांचा हात वहीवर हलला की तो श्वास रोखून धरी. पण हात कधी तेवढा सरकला नाही.

एकदा त्यानं धीर करून विषय काढला.

“बाबा, डोळंच गेल्यावर रीत कशी पाळायची? देवाला कळतं.”

“देवाला कळतं.”

“मंग नाव सांगून टाका की.”

“वही संपू दे.”

“आता कशी संपंल, बाबा?”

बाबा हसले की काय, ते जालिंदरला कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

सोळाव्या दिवशी ढाकणे गुरुजी आले. बाबांच्या पाया पडले.

“ऐकलं, बाबा. वाईट वाटलं.” ते थोडं थांबले. “एक विचारू का? माझ्या चुलतीचीही नजर अशीच चाललीय. पोथीशिवाय तिचा दिवस उगवत नाही. तुम्हाला आता उपयोग नसेल तर मॉनिटर खाली नेऊ का?”

“न्या की,” बाबा म्हणाले. “परवा या. जालिंदर पुसून ठेवील.”

जालिंदर दारात उभा होता.

गुरुजी निघाले तेव्हा तो त्यांच्या मागोमाग पायऱ्यांपर्यंत गेला.

“गुरुजी, तो पुसायचा कसा वो?”

“सांगितलं होतं की तुम्हाला.”

“परत सांगा.”

गुरुजींनी वळून पाहिलं. जालिंदरबुवांनी कुणाला “परत सांगा” म्हटल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

“आधी बटण बंद,” ते म्हणाले. “मग वायर काढा. गार होऊ द्या. काळ्या काचेवर धूळ दिसते, उजेडात ती लपते. मग कोरडा मऊ फडका घ्या आणि अलगद वरून खाली फिरवा. बहुतेक तेवढ्यानंच निघतं.”

“नाय निघालं तर?”

“फडक्याला दोन थेंब पाणी. काचेला नाही हां, फडक्याला. काचेवर टाकलंत तर ओघळून कडेनं आत जाईल. आणि पाणी ते, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला बाटलीतून आणतो ना, ते. आपल्या विहिरीच्या पाण्याचे डाग पडतात. साबण नको, स्पिरिट नको.”

“जोर किती लावायचा?”

“जोर लावायचाच नाही. डाग नाही निघाला तर पुन्हा फडका फिरवा, चार वेळा फिरवा. दाबायचं नाही. झालं की वाळू द्या. पुरतं वाळेपर्यंत चालू करायचा नाही. गप बसून राहायचं.”

“आन्... राख लावली तर?”

“राख?” गुरुजी थांबले. “कुणी लावली?”

“कुणी नाय. आपलं इचारलं. कंदिलाला लावत्यात.”

“कंदिलाची काच असते, बुवा. ही तसली काच नाही. वरून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. राखेनं तो खरवडतो, पांढरा पडतो. मग पुसून काही उपयोग नाही.”

“म्हंजे परत नीट होत नाय?”

“नाही होत.”

गुरुजींनी झोळीतून दुसरा फडका काढून दिला आणि ते पायऱ्या उतरून गेले.

सतराव्या दिवशी सकाळी जालिंदरनं बाबांना सांगितलं, आज बसायला नको, आज पुसायचाय. बाबा बरं म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले.

जालिंदरनं बटण बंद केलं. वायर काढली. मॉनिटर गार होईस्तोवर थांबला. काळ्या काचेवर धूळ खरंच दिसत होती, सगळीकडं, बारीक. कोरडा फडका त्यानं वरून खाली फिरवला. बॅटरीच्या पाण्याचे दोन थेंब फडक्यावर घेतले आणि घडी करून पुन्हा फिरवला. इतक्या हलक्या हातानं त्यानं जन्मात काही पुसलं नव्हतं. घंटा त्यानं अशी पुसली असती तर ती हसली असती.

कडा निर्मळ झाल्या. बाबांच्या बोटांचे उरलेसुरले ठसे गेले.

मधला पांढुरका डाग होता तसाच राहिला.

मग काचेवरचा ओलावा वाळेपर्यंत त्याला बसून राहणं भाग होतं. समोर काळा मॉनिटर, त्यात त्याचंच तोंड, आणि तोंडावर नेमका तो डाग. आरशात तोंड बघून माणसाला शहाणपण येतं म्हणतात. जालिंदरला काही आलं नाही. त्याच्या डोक्यात एवढंच चाललं होतं की उद्या गुरुजींना काय सांगायचं. प्रवासात खरडला म्हणता येणार नव्हतं. मॉनिटर अजून मठातच होता.

तेवढ्यात ओसरीकडून आवाज आला. काहीतरी घासत पुढं सरकत होतं.

त्यानं खिडकीतून पाहिलं.

बाबा डोळे मिटून, भिंतीला हात लावून चालले होते. एक हात भिंतीवर, दुसरा पुढं. पाय उचलून टाकत नव्हते, आधी पायानं जमीन चाचपत होते. भिंत संपली तिथं ते उभे राहिले. मग त्यांनी तळहात समोर धरून धुनीची धग कुठून येते ते पाहिलं आणि त्या अंदाजानं दोन पावलं टाकली. तिसरं पाऊल गडव्यावर पडलं. गडवा गडगडत गेला. बाबा खाली वाकले, चाचपून चाचपून त्यांनी तो शोधला आणि जागेवर ठेवला. मग पुन्हा मागं येऊन भिंत धरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

ते सराव करत होते.

आपण एक खोटं बोललो, आणि ते खरं मानून हा म्हातारा माणूस आंधळेपण शिकायला लागलाय, असं जालिंदरला वाटलं. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. गादी, लौकिक, उद्या येणारे गुरुजी, सगळं डोक्यातून गेलं. तो अनवाणी धावत बाहेर आला. “आदेश” म्हणायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

“बाबा, सोडा ती भिंत!”

बाबा थांबले.

“तुमच्या डोळ्यात धुकं नाय, बाबा. टीव्हीवर हाये. मी केलं ते. म्या राखेनं घासला, जोर लावून घासला. तुमचं डोळं चांगलं हायेत. भिंत सोडा.”

बाबांनी भिंत सोडली नाही.

“कधी घासलास?”

“सतरा दिस झाले.”

“हं.”

“खोटं बोललो, बाबा. डाक्टरवर घातलं. तुमी नाव दुसऱ्याचं घ्याल म्हणून भ्यालो.” त्याला दम लागला होता. “पर वाचता येतंय तुम्हाला. कडेला सोच्छ हाये. चला, दावतो.”

त्यानं बाबांचा हात धरून त्यांना आत आणलं आणि मॉनिटरपुढं बसवलं. काचेला उलटं बोट लावून पाहिलं. वाळली होती. त्यानं वायर जोडली, बटण दाबलं आणि कॅमेऱ्याखाली वही चार बोटं सरकवली.

कडेला अक्षर आलं. मोठं, काळंभोर, स्वच्छ. कुणालाही वाचता यावं असं.

“हे बघा, बाबा. हितं. ह्या बाजूला.”

बाबांनी तिकडं तोंड केलं. बराच वेळ पाहिलं. मग मान डावीकडं वळवली. उजवीकडं वळवली.

“आता मान वळवली की धुकंही वळतं,” ते म्हणाले.

“म्हंजे?”

“त्या दिवशी वळवली होती. धुकं जागचं हललं नव्हतं.”

जालिंदरला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो खालीच बसला.

“म्हंजे... तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं? मंग डोळं गेलं असं का म्हणलात, बाबा?”

“मी धुकं आलंय म्हणालो. डॉक्टरचं नाव तू काढलंस.”

बाहेर धुनीतलं लाकूड सरकल्याचा आवाज झाला.

“आन् हे... हे खरं धुकं? हे कवा आलं?”

“चार दिवस झाले.”

जालिंदरनं बोटांवर मोजलं. मोजायला नको होतं, पण मोजलं.

“तेरा दिस डोळं चांगलं होतं.”

“होते.”

“पानं अकराच राहिली होती.”

“अकराच.”

“तुमी नुसती वही सरकवली असती तरी...”

“तरी वाचून झाली असती.”

बाबा हे काही मनात न धरता म्हणाले, आणि तेच जालिंदरला सोसेना. तो रडला. मोठ्या माणसाचं रडणं दिसायला बरं नसतं. नाक वाहत होतं, छाटीला पुसत होता, पुन्हा रडत होता. मॉनिटर गेला असता तर दुसरा आणता आला असता. बाबांच्या डोळ्यांचे तेरा दिवस आता कुठून आणायचे?

बाबा शेजारी बसून होते. त्यांनी त्याला उगी राहा म्हटलं नाही.

बऱ्याच वेळानं जालिंदर उठला. तोंड धुऊन आला आणि बाबांसमोर हात जोडून उभा राहिला. बाबांना नीट दिसत नाही हे ध्यानात आल्यावर तो बोलला.

“उद्या गुरुजींना समदं सांगतो. मंग मी जातो, बाबा. मोठ्या मठातून कुणालातरी बोलवा.”

“का?”

“का म्हंजे? वही अर्धी राहिली. माझ्यामुळं राहिली.”

बाबांनी हात पुढं करून चाचपलं. बोटांना वही लागली. ती त्यांनी कॅमेऱ्याखालून काढली, मिटली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि जालिंदरचा आवाज आला होता त्या दिशेला पुढं धरली.

“अर्धी कुठं राहिली?” बाबा म्हणाले. “सतरा दिवस मी वाचतच होतो... शेवटचं पान तू आत्ता उलटलंस.”